हेडफोनला वेगळा ॲम्प खरंच लागतो का? आणि डॅक?

शांतकान
नमस्कार मंडळी. आठवड्यापूर्वी बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घेतला, २५० ओहमवाला. त्याआधी पाच वर्षं ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स वापरत होते. दोन्ही डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकमध्येच. जुना कॉम्प्युटरच्या ७० आवाजावर भरपूर वाजायचा. नवा १०० वर नेला तरी मिणमिणता. शिवाय मागे एक बारीक कुईकुई येते, माउस हलवला की तिचा सूर बदलतो. ती जुन्यालाही होती म्हणा, पण गाणं मोठं असल्यामुळे तिच्याकडे लक्ष जायचं नाही.

ऑफिसमधला एक म्हणतो, २५० ओहम म्हणजे ॲम्प लागणारच, विचारायचं काय त्यात. दुसरा म्हणतो, ॲम्प राहू दे, आधी चांगला डॅक घे. तिसऱ्याने दोन्ही एकत्र असलेल्या पेटीची लिंक पाठवली. ॲम्प काय करतो आणि डॅक काय करतो हेच मला धड ठाऊक नाही. घ्यायला हरकत नाही, पण नको असलेली पेटी टेबलावर नको.

मध्यसप्तक
एकत्रवाली पेटी घ्या आणि मोकळ्या व्हा. मी घेतली तेव्हा काचेवरची धूळ पुसल्यासारखं झालं होतं. मदरबोर्डवरचा डॅक म्हणजे शेवटी कामचलाऊ.

नुसतावाचक
वाखूण साठवली. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त विचारायची लाज वाटत होती.

ओहमकार
शांतकान, तुमच्या दोन तक्रारी आहेत, त्या वेगळ्या ठेवा. आवाज कमी पडतो ही एक आणि कुईकुई ही दुसरी. एकाच पेटीने दोन्ही जातील असं वाटतं खरं, पण कारणं वेगळी असतात. नाही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी कोण काय करतं ते. फाइलमध्ये नुसते आकडे असतात. त्या आकड्यांपासून विजेची लहर बनवतो तो डॅक. ती लहर हेडफोनची कॉइल हलवेल इतकी दमदार करतो तो ॲम्प. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हे दोघंही आहेत, नसते तर काहीच ऐकू आलं नसतं. फोनला इअरफोन जोडायच्या बोटभर डोंगलमध्येही दोघं असतात. म्हणजे प्रश्न ‘लागतो का’ असा नाहीच. आहेत ते कुठे कमी पडताहेत, असा आहे.

आता ओहम. ओहम जास्त म्हणजे हेडफोन जड, हा समज अर्धाच खरा. ओहम सांगतो वीज किती अडते. त्या विजेतून आवाज किती निघतो ते सेन्सिटिव्हिटी सांगते. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय काही कळत नाही. कंपन्या सेन्सिटिव्हिटी कधी एका मिलिवॅटला देतात, कधी एका व्होल्टला, आणि तिथे गोंधळ होतो. मिलिवॅटच्या आकड्यावरून व्होल्टचा काढायचा असेल तर १००० ला ओहमने भागा, त्याचा लॉग घ्या, दहाने गुणा आणि मूळ आकड्यात मिळवा.

तुमचा डीटी ९९०: एका मिलिवॅटला ९६ डेसिबल, २५० ओहम. व्होल्टला १०२.
जुना एम५०एक्स: ९९ डेसिबल, ३८ ओहम. व्होल्टला ११३.
सेनहायझरचा एचडी ६५०, तीनशे ओहम: कंपनीच व्होल्टला १०३ देते.
आणि हायफायमॅनचा एचई-६: फक्त ५० ओहम, पण मिलिवॅटला ८३.५. व्होल्टला ९६.५!

म्हणजे पन्नास ओहमवाला तीनशेवाल्यापेक्षा हट्टी. एचई-६ मधून ११० डेसिबलचं शिखर काढायचं तर ४.७ व्होल्ट आणि जवळजवळ ४५० मिलिवॅट लागतात. एचडी ६५० ला तेच काम २.२ व्होल्ट आणि १७ मिलिवॅटमध्ये होतं. ओहम बघून ॲम्प घेणारा इथे हमखास फसतो.

हे ११० सतत ऐकायचे नाहीत, ती क्षणभराची शिखरं. सरासरी त्याच्या पंधरा-वीस डेसिबल खाली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० फक्त ४ तास.

घरात मल्टिमीटर आहे का?

शांतकान
आहे, भावाचा. पण त्याने बॅटरी तपासण्यापलीकडे मी काही केलेलं नाही.

ओहमकार
तेवढं पुरे. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ६० हर्ट्झचा साइन टोन, म्हणजे एकच सलग सूर, तयार करा, उंची पूर्ण, म्हणजे १. हेडफोन काढून ठेवा, पूर्ण आवाजातला टोन कानावर घ्यायचा नाही. कॉम्प्युटरचा आवाज १००. एखाद्या मेलेल्या इअरफोनची वायर कापून तिची पिन जॅकमध्ये घाला, मीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक डाव्या कानाच्या तारेला आणि दुसरं कॉमनला. आकडा लिहून घ्या. मग त्याच दोन तारांमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजा. साधा मीटर ५०-६० हर्ट्झला बऱ्यापैकी खरं बोलतो, वरच्या फ्रिक्वेन्सीला थापा मारतो, म्हणून ६०.

दोन आकडे मिळाले की जॅकचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या आतला स्वतःचा अडथळा किती ओहमचा, ते काढता येईल.

खरखर
मधेच घुसतो. माझं उलटं दुखणं आहे. इन-इअर वापरतो, फारच सेन्सिटिव्ह, मिलिवॅटला ११२ वगैरे. दमदार डेस्कटॉप ॲम्प आणला, तर गाणं सुरू व्हायच्या आधीच सूंऽऽ असा आवाज. नॉब घड्याळातल्या आठच्या काट्यापर्यंत असेल तेव्हा डावा कान उजव्यापेक्षा मोठा, आणि नऊला दोन्ही सारखे झाले की कानठळ्या. मी काय चुकलो?

ओहमकार
@खरखर, मुंगी मारायला हातोडा आणलात. ॲम्पच्या मागे गेनचं, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्याचं, बटण असेल तर ते लो वर टाका. सूंऽऽ हा ॲम्पचा स्वतःचा आवाज आहे, गेन जास्त असला की तोही मोठा होतो. आणि नॉबच्या आतल्या पोटेन्शिओमीटरचे दोन पट्टे अगदी सुरुवातीला एकसारखे नसतात, म्हणून एक कान पुढे. गेन उतरवलात तर नॉब मधल्या भागात येईल आणि ही तक्रारही जाईल. तेवढ्यानेही भागलं नाही तर तुम्हाला साधा डोंगलच बरा. ॲपलच्या यूएसबी-सी डोंगलचं कमाल आउटपुट साधारण १ व्होल्ट आहे आणि आउटपुट इम्पिडन्स एका ओहमच्या आत. इन-इअरला आणखी काय पाहिजे? युरोपात विकतात त्यातून मात्र निम्मेच व्होल्ट मिळतात, आणि काही अँड्रॉइड फोनवर तो पूर्ण आवाजाला पोचत नाही, हे लक्षात असू द्या.

खरखर
लो गेनची सोय होती! बटण पेटीच्या पोटाखाली, अक्षरं इतकी बारीक की टॉर्च घेऊन वाचली. सूंऽऽ जवळजवळ गेली. लाज वाटतेय.

तांब्याचीतार
मला नेहमीचं सांगायचंय: डॅकमधला फरक ‘ऐकणाऱ्यांनी’ आधी आवाज जुळवावा. मी दोन डॅक आणून बसलो होतो. एकात खोली मोठी वाटायची, आवाज पुढे यायचा, मी तर मित्रांना फोन करून सांगितलं. मग बहिणीला पडद्यामागे बसवून वायरी बदलायला लावल्या, आणि त्याआधी मीटरने दोन्हींचे व्होल्ट मोजले. माझ्या लाडक्याचं आउटपुट एक डेसिबलने जास्त निघालं. ते बरोबरीला आणलं तेव्हा वीसपैकी अकरा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. बहीण अजून मित्रमंडळींत हा किस्सा रंगवते.

एक डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. १६ बिटांच्या सीडीतच ९६ डेसिबलचा पल्ला असतो. आजचा साधासुधा डॅकही त्याला पुरून उरतो.

मध्यसप्तक
@तांब्याचीतार, म्हणजे आम्ही सगळे भ्रमिष्ट?

तांब्याचीतार
नाही हो. मीही तोच होतो, म्हणून तर लिहिलं.

नुसतावाचक
ब्लूटूथ हेडफोनला डॅक लावला तर?

ओहमकार
@नुसतावाचक, त्याचा डॅक आणि ॲम्प हेडफोनच्या आतच असतात. बाहेरून काही जोडायला जागाच नाही. वायर लावून वापरत असाल तर गोष्ट वेगळी, पण त्यातले बरेच वायरनेही आतला ॲम्प वापरूनच वाजतात.

शांतकान
मोजलं! अर्धा तास वायर सोलण्यात गेला. तारांवर रंगीत लाख असते हे माहीत नव्हतं, मीटर शून्यच दाखवत राहिला. मग लायटरने टोकं जाळून घासली.

पुढचा जॅक, नुसता: ०.९५ व्होल्ट
३३ ओहम जोडून: ०.२९ व्होल्ट

हे वाईट आहे का?

ओहमकार
वाईट नाही, बोलकं आहे. ०.९५ ला ०.२९ ने भागा, एक वजा करा, ३३ ने गुणा. ७५ ओहम. म्हणजे हा जॅक स्पीकरला किंवा दुसऱ्या ॲम्पला सिग्नल द्यायला केलेला आहे, हेडफोनसाठी नव्हे. साधा संकेत असा की जॅकचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा. एम५०एक्ससाठी पाचच्या आत, तुमच्या नव्यासाठी तीसेक. ७५ दोन्हींत बसत नाही.

याने होतं काय? जॅक आणि हेडफोन व्होल्ट वाटून घेतात. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा असता तर नुसता आवाज कमी झाला असता. पण पुष्कळ डायनॅमिक, म्हणजे नेहमीच्या कॉइलवाल्या, हेडफोनमध्ये तो बासला चढतो. समजा ३२ ओहमचा हेडफोन बासमध्ये ७० ला जातो, तर ७५ ओहमच्या जॅकवर तिथे ४ डेसिबलचा फुगवटा येतो. लोक त्याला ‘गरम आवाज’ म्हणतात. तो दोष ॲम्प बदलून खरोखर जातो, आणि पडद्याआडच्या चाचणीतही ओळखू येतो. प्लेनर हेडफोनचा (गोल कॉइलऐवजी सपाट पातळ पडदा असतो तो) इम्पिडन्स जवळपास सपाट असतो, त्यांना याचं काही नाही.

(अवांतर: आयईसी ६१९३८ या मानकात एके काळी हेडफोनच्या जॅकसाठी १२० ओहम धरले होते. त्या हिशेबाने तुमचा ७५ सभ्यच म्हणायचा.)

आता तुमचा मूळ प्रश्न. नव्या हेडफोनपर्यंत ०.७३ व्होल्ट पोचतात, म्हणजे शिखर ९९ डेसिबल. जुन्यापर्यंत ०.३२, शिखर १०३. फरक अवघा ४ डेसिबल. आणि इथे मी अडलो. जुना ७० वर भरपूर आणि नवा १०० वर मिणमिणता, हे ४ डेसिबलमध्ये बसत नाही. दुसरं काहीतरी आवाज खातंय. मधे इक्वलायझर, म्हणजे बास किंवा वरचे सूर कमी-जास्त करणारं काही, आहे का?

शांतकान
अगं बाई.

आहे. नवा हेडफोन आणला त्या दिवशी ‘स’ फार टोचत होता म्हणून नेटवरून डीटी ९९० ची तयार फाइल उतरवून इक्वलायझरमध्ये टाकली होती. टोचणं थांबलं आणि मी ते विसरून गेले. आत्ता फाइल उघडली. पहिलीच ओळ: प्रीॲम्प उणे ८ डेसिबल, म्हणजे सगळाच आवाज आधी आठने कमी.

पण मग मीटरवर ०.९५ कसे आले?

ओहमकार
कारण मूर्खपणा माझा. त्या फाइलमध्ये खाली बास उचललेला असणार. वरून आठ कापले, ६० हर्ट्झला सातेक परत दिले, आणि मी तुम्हाला नेमका ६० हर्ट्झच मोजायला सांगितला. जिथे खड्डा बुजवलेला तिथेच पट्टी लावली. इक्वलायझर बंद करून एकदा मोजा, आणि चालू ठेवून ४०० हर्ट्झला एकदा.

शांतकान
बंद, ६० हर्ट्झ: १.०३
चालू, ४०० हर्ट्झ: ०.४१

ओहमकार
सापडला चोर. १.०३ चे ०.४१ म्हणजे बरोबर उणे आठ. तुमचा नवा हेडफोन ९२ डेसिबलच्या शिखरावर वाजत होता आणि जुना १०४ वर. बारा डेसिबलमधले चार हेडफोनचे आणि आठ फाइलचे. दहा डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज. त्यात डीटी ९९० मागून उघडा आहे, खोलीतल्या पंख्याची घरघरही गाण्यात मिसळते. एम५०एक्स मागून बंद होता, त्यामुळे हळू आवाजही पुरायचा.

उणे आठ कशासाठी ठेवलेत तेही सांगतो. बास सात-आठने उचलला आणि वरून काही कापलं नाही, तर मोठ्या जागी आकडे शंभराच्या पुढे जातात आणि आवाज फाटतो. म्हणून आधीच जागा सोडतात. पण तुम्हाला खुपत होता तो फक्त वरचा टोचरा भाग ना? मग फाइलमधली बास उचलणारी ओळ काढा, वरचं कापणं राहू द्या, आणि प्रीॲम्प शून्य करा. नुसतं कापत असाल तर जागा सोडायची गरज नसते. आठ डेसिबल फुकटात परत.

कुईकुईसाठी: वायर मागच्या जॅकमध्ये लावून बघा. पुढच्या जॅकची तार पेटीच्या आतून, ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून येते आणि वाटेतली सगळी गडबड गोळा करते.

मध्यसप्तक
आणि मागेही कुईकुई असली तर मात्र डॅक घ्याल ना? तिथे तरी माझं ऐका.

ओहमकार
तिथे शंभर टक्के तुमचं. सिग्नलमध्ये आधीच मिसळलेली कुईकुई ॲम्पने जात नाही, उलट मोठी होते. तेव्हा लहर पेटीच्या बाहेर बनवणं हाच उपाय, म्हणजे यूएसबीचा डॅक, मग तो डोंगल का असेना. पण नुसत्या डोंगलने तुमचा आवाज फारसा वाढणार नाही. १ व्होल्ट इथे, १ व्होल्ट तिथे. जॅकच्या ७५ ओहममध्ये जाणारे दोनेक डेसिबल वाचतील, एवढंच.

तांब्याचीतार
मागच्या जॅकच्या वेळी ड्रायव्हरचं सेटिंगही बघा. काही मदरबोर्ड ‘लाइन आउट’ की ‘हेडफोन’ विचारतात आणि त्यावर आउटपुट बदलतं.

शांतकान
सगळं करून दोन दिवस ऐकून मग लिहितेय.

मागच्या जॅकला कुईकुई नाही. काही न वाजवता आवाज १०० करून, डोळे मिटून, पंखा बंद करून बसले. काही नाही. म्हणजे डॅकचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. वायर टेबलामागून ओढून आणावी लागली, आता खुर्चीचं चाक तिच्यावरून जाऊ नये याकडे लक्ष ठेवते.

बासची ओळ काढली, प्रीॲम्प शून्य. बहुतेक गाणी ७५ ते ८० वर होतात. पण दोन ठिकाणी अजून कमी पडतं. एक जुनं पियानोचं रेकॉर्डिंग आहे, त्यातल्या हळू जागा १०० वरही कान टवकारून ऐकाव्या लागतात. आणि खरं सांगायचं तर मला तो उचललेला बास आवडत होता. तो काढल्यापासून खालचा मजला रिकामा झाल्यासारखा वाटतो.

ओहमकार
मग आता ॲम्प घ्यायला खरं कारण मिळालं. बास ठेवायचा तर उणे आठ ठेवायला हवेत, आणि ते आठ कुणीतरी पुढे परत द्यायला हवेत. ४ व्होल्ट देणारा ॲम्प म्हणजे १ व्होल्टपेक्षा १२ डेसिबल जास्त. आठ फेडून चार उरतात, पियानोलाही पुरतील. ४ व्होल्टला तुमच्या २५० ओहममध्ये ६४ मिलिवॅट लागतात, हे काही मोठं काम नाही. जाहिरातीतले ३२ ओहमवरचे मोठमोठे वॅट बघू नका, २५० किंवा ३०० ओहमवर किती व्होल्ट मिळतात ते बघा.

नुसता ॲम्प मागच्या जॅकला जोडलात तर तिथेही ७५ ओहम असले तरी ते आड येणार नाहीत. ॲम्पचा इनपुट हजारो ओहमचा असतो, तिथे ७५ म्हणजे काहीच नाही. त्या जॅकचा जन्मच त्यासाठी झालाय. बॅलन्स्ड आउटपुटच्या (प्रत्येक कानाला दोन वेगळ्या तारा) मागे लागू नका, त्यात साधारण दुप्पट व्होल्ट मिळतात पण डीटी ९९० च्या तारेला तीनच बिंदू आहेत, त्याला ते लावताच येत नाही.

मध्यसप्तक
घरी येऊन गेलेल्या पाहुण्याने पडद्याआडची चाचणी घेतली माझी काल. माझी पेटी आणि लॅपटॉपचा जॅक, आवाज जुळवून. ओळखता आलं नाही. तरी पेटी विकणार नाही. तिचा नॉब मोठा आहे, जड आहे, अंधारातही हाताला सापडतो, आणि फोन आला की स्क्रीनवर शोधाशोध न करता आवाज उतरवता येतो. हे कारण चालेल का?

तांब्याचीतार
पळेल.

शांतकान
मध्यसप्तक, तुमचं कारण मला ओहमकारांच्या गणिताइतकंच पटलं. :)

ऑफिसमधल्या पहिल्याकडून त्याचा जुना ॲम्प आठवड्यासाठी आणलाय. फाइल जशीच्या तशी परत टाकली, बाससकट. नॉब अकराच्या काट्यावर, कॉम्प्युटर १०० वर, पियानो आता बसल्या जागी ऐकू येतो. पहिल्या रात्री त्यात पेडल सोडल्याचा लाकडी आवाज आला आणि मी दार वाजलं समजून उठले.

त्याला ॲम्प परत द्यायचा शुक्रवार आहे. तो म्हणतोय, बघ, मी सांगितलं होतं ना, २५० ओहम. त्याला हा सगळा धागा वाचायला लावू की नुसतं हो म्हणू?

नुसतावाचक
नुसतं हो म्हणा. म्हणजे ॲम्प आणखी आठवडाभर मिळेल.